चोरीचं विमान नको

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, पूर्वीने वाघोडियाच्या कारखान्यातून घरी फोन केला तो आबा जेवले का एवढंच विचारायला. पण आई खुशीत होती. तिने घरातल्या एकेक हत्याराची खबर द्यायला सुरुवात केली. तलवार घासून तिला तेलाचा हात फिरवून झाला होता, शिवणयंत्राचा कचरा निघाला होता, स्कूटर गॅरेजमधून परत आली होती, आणि आता वरच्या खोलीत हितेश येऊन बसला होता.

हितेश कशाला, असं पूर्वीने विचारलं.

"कॉम्प्युटरची सर्विस करायला. नवमीला पूजेत ठेवायचा तर चोख नको? मी म्हटलं, सगळं साफ करून टाक ने भाई."

पूर्वीच्या हातातला घास हातातच राहिला. त्याला थांबव, आत्ताच्या आत्ता वर जा आणि हात लावू नको म्हणून सांग, असं ती म्हणाली, तेव्हा आई, कमळाबाई, जरा दुखावल्याच. तो केव्हाचा कामाला लागला होता आणि अर्धं झालंय म्हणत होता. शिवाय गुडघे धरलेले असताना धावत जिना चढायला त्या काही पूर्वीच्या वयाच्या नव्हत्या. पूर्वीने फोन ठेवून हितेशचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. हा माणूस काम करताना फोन उचलत नाही, आणि काम नसताना त्याचा फोन बंद असतो.

ती साहेबांना काहीतरी सांगून निघालीच. स्कूटी वाघोडिया रोडला लागली आणि सगळं बडोदं त्याच दिवशी खरेदीला बाहेर पडलेलं दिसलं. गरब्याच्या मंडपांचे बांबू रस्त्यातच उतरवले जात होते. पूर्वी हॉर्न वाजवत होती आणि मनातल्या मनात स्वतःवर चरफडत होती. आईला तिने कधी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं.

गोष्ट अशी होती. पाणीगेटच्या माने घराण्यातले पुरुष एकेकाळी संस्थानच्या घोडदळात होते. घोडे गेले, संस्थान गेलं, पण खंडेनवमीची पूजा राहिली. घरात जे काही हत्यार असेल ते त्या दिवशी पुजायचं, आणि पूजेआधी ते दुरुस्त, धारदार, लखलखीत करून ठेवायचं. मळकं हत्यार पूजेत मांडणं म्हणजे या घरात नाक कापल्यासारखं. तलवार एकच उरली होती, तेव्हा हत्यारांत कात्री आली, स्कूटर आली, आबांचं पेन आलं, आणि यंदा कॉम्प्युटरही आला. म्यानातून तलवार उपसायचा मान घरातल्या कर्त्याचा, आणि ती उपसायची उजव्या हाताने.

आबांचा उजवा हात मात्र फेब्रुवारीतच अर्धांगाच्या झटक्याने गेला होता. आबा म्हणजे पूर्वीचे वडील विश्वासराव. त्यांनी जन्मभर क्रेन चालवली. टनावारी लोखंड दोन दांड्यांवर अलगद उतरवणारा माणूस, आणि एका सकाळी त्याच्या हातून चहाचा कप सुटला. पाय सावरला, बोलणं अडखळत का होईना परत आलं, पण हात मांडीवर पडून राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी डाव्या हाताने कपाटाखाली भिरकावून दिला. मी काय बाळ आहे का, म्हणाले. बाईंनी पूर्वीला बाजूला घेऊन बजावलं होतं की पहिलं वर्षच महत्त्वाचं, हात असाच पडून राहिला तर तसाच राहील.

मग पूर्वीने विमान आणलं. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, सोबत टेबलावर ठेवायची जॉयस्टिक. आबा तिला दांडा म्हणत. दांडा दिसल्यावर क्रेनवाल्याला काय सांगावं लागतं? पहिल्या दिवशी डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी दांड्यावर ठेवला आणि विमान समुद्रात घातलं. पावसाळा संपेपर्यंत ते एका बेटावरच्या आखूड धावपट्टीवर विमान टेकवायला शिकले. हरणीच्या विमानतळावर उतरणारं खरं विमान घरावरून गेलं की मान वर करून, वाऱ्याला फार तिरकं घेतलंय, असं म्हणू लागले. बोटं दांड्याभोवती मिटायला लागली होती. यंदा तलवार मीच उपसणार, असं त्यांनी गणपतीतच जाहीर करून टाकलं होतं.

आणि त्या खेळाला एक खोड होती. पूर्वीने चोरबाजारातली नक्कल न घेता खोक्यातला अस्सल खेळ घेतला होता, आबांच्या नावावर नोंदवला होता, म्हणूनच ती खोड तिच्या वाट्याला आली होती. खेळ कॉम्प्युटरवर चढवला की इंटरनेटवरून परदेशातल्या कंपनीची परवानगी घ्यावी लागे, आणि ती परवानगी तीनदाच मिळे. चौथ्यांदा नाही. एका माणसाला खेळ आयुष्यात तीनपेक्षा जास्त वेळा कशाला चढवावा लागेल, असं कंपनीला वाटलं असावं. कंपनीने हितेश पाहिला नव्हता. हितेशकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं. प्रिंटर अडला, फॉरमॅट. आवाज येत नाही, फॉरमॅट. दोनदा व्हायरस आला आणि दोनदा त्याने सगळं पुसून कोरं केलं, तेव्हा दुसरी आणि तिसरी परवानगी खर्ची पडली होती. आता हातात काहीच नव्हतं, आणि वरच्या खोलीत तो पुन्हा औषध पाजत बसला होता.

पूर्वी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढून वर पोचली तेव्हा हितेश खुर्चीत मागे रेलून चहा पीत होता. पडद्यावर नव्या कोऱ्या कॉम्प्युटरचं हिरवं माळरान आणि निळं आभाळ होतं. आबा शेजारच्या खुर्चीत, दांडा मांडीवर घेऊन, आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसले होते.

"एकदम नवुं करी दीधुं, बेन," हितेश म्हणाला.

पूर्वीला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण आबा बघत होते, म्हणून तिने खोकं काढलं, डिस्क घातली आणि खेळ चढवायला घेतला. निळी पट्टी हळूहळू सरकत होती. न जाणो, कंपनीचा हिशेब चुकला असेल. खालून कमळाबाईही जिना धरत धरत वर आल्या, कारण लेकीचा चेहरा त्यांनी पाहिला होता. पट्टी संपली. नाव विचारलं, खोक्यावरचा क्रमांक विचारला, पूर्वीने तो दोनदा तपासून भरला. मग एक राखाडी चौकट आली. तुमच्या परवानग्या संपल्या आहेत. हा खेळ या संगणकावर चालवता येणार नाही.

आबा दांडा टेबलावर ठेवून उठले आणि कमळाबाईंसोबत बाहेर गच्चीत जाऊन बसले. हितेशने कप खाली ठेवला. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की तो लगेच कामाला लागे. त्याने पिशवीतून मार्करने नाव लिहिलेली एक साधी डिस्क काढली. हाच खेळ, म्हणाला, फक्त कुलूप तोडलेलं. अकोट्याची सगळी पोरं हाच खेळतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. "पैसा आपीने हेरान थवानुं, अने मफतवाळाने लहेर," पैसे भरणाऱ्याला ताप आणि फुकट्यांना मजा, असं पुटपुटत त्याने अस्सल डिस्क बाहेर काढून खोक्यावर ठेवली. पूर्वी बघत राहिली. तिने त्याला अडवलं नाही. नवमी तोंडावर आली होती, बाईंचं बजावणं कानात होतं, आणि तिच्या मनात आलं की पैसे तर आपण भरलेत, मग चोरी कसली.

थोड्याच वेळात पडद्यावर बेट आलं, धावपट्टी आली. ना नाव विचारलं, ना परवानगी. पूर्वीने आईआबांना आत बोलावलं, दांडा जोडून आबांच्या पुढे ठेवला आणि मोठ्याने, जरा जास्तच मोठ्याने, म्हणाली की झालं, कंपनीने परवानगी दिली.

आबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला. तो दांड्यावर ठेवणार तोच थांबले. त्यांची नजर टेबलावर गेली. रोज खेळ सुरू करण्याआधी कॉम्प्युटर डिस्क मागायचा, आणि ती आत सरकवायचं काम त्यांचं होतं. आज डिस्क बाहेर, खोक्यावर पडलेली होती आणि विमान मात्र उडायला तयार होतं.

"चोरीचं विमान... नको," ते म्हणाले, आणि हात पुन्हा मांडीवर घेतला.

त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. कमळाबाईंनी तरी समजावून पाहिलं. मग पदर तोंडाला लावून त्या खाली गेल्या, कारण सगळं आपल्या साफसफाईने झालं हे एव्हाना त्यांना कळलं होतं. पूर्वी त्यांच्यावर चिडलीही नाही. कोणत्या तोंडाने चिडणार? मालकाने आपला कॉम्प्युटर साफ केला तर त्याचा खेळ हिरावून घ्यायचा, हा कायदा आईने थोडाच केला होता.

तिने कंपनीला ई-मेलने पत्र लिहिलं. उलट टपाली गोड इंग्रजीत उत्तर आलं की आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात, फक्त आपण चोर नाही याची खात्री पटवा. खोक्यातल्या पुस्तिकेच्या आतल्या पानावर नोंदणीकृत मालकाने स्वतःच्या हाताने तक्रारीचा क्रमांक, नाव आणि तारीख लिहावी आणि त्याचा फोटो पाठवावा. पूर्वीने पेन उघडलंच होतं. पण पत्र मोठ्याने वाचून दाखवण्याची चूक ती करून बसली होती.

"नाव माझं आहे," आबा म्हणाले. "मी लिहिणार."

आबा, त्यांना काय कळतंय कोणी लिहिलं, असं ती म्हणाली. आबांनी हात पुढे केला, उजवा.

पेन दोनदा गळून पडलं. पूर्वीने पुस्तिका घट्ट धरून ठेवली होती. एकेक आकडा पानावर उतरत होता तो जणू क्रेनवरून उतरवल्यासारखा, लोंबकळत, झोके खात. कपाळावरचा घाम आबांच्या भुवईत साचला, पण त्यांनी तो पुसू दिला नाही. नाव लिहून झालं तेव्हा त्यातलं शेवटचं अक्षर अर्धं पानाबाहेर गेलं होतं. झटक्यानंतर त्या हाताने लिहिलेले ते पहिलेच शब्द होते. कमळाबाई दारात उभ्या राहून रडल्या. पूर्वीने फोटो काढून पाठवला.

मग वाट बघणं आलं. घटात धान्य उगवून वर आलं, रोज संध्याकाळी गल्लीत गरब्याचे ढोल वाजू लागले, आणि कंपनी गप्प. आबा सकाळी वर जाऊन बंद पडद्यासमोर बसत. हात मांडीवर असे. चेंडू शोधून पूर्वीने समोर ठेवला, तो त्यांनी पाहिलाही नाही. बोटं परत आखडत चालली आहेत असं तिला दिसायला लागलं, आणि आपल्याला तसं नुसतं वाटतंय असं ती स्वतःला समजावत राहिली.

नवमीच्या सकाळी, अंघोळीआधी, तिने शेवटचं म्हणून टपाल उघडलं. उत्तर आलं होतं. तिने ते वाचलं, कॉम्प्युटर बंद केला आणि पडद्यावर स्वतःच्या हाताने हळदकुंकू लावून खाली आली.

पाटावर सगळं मांडून झालं होतं. कात्री, स्कूटरची किल्ली, आबांचं पेन, मध्ये म्यानातली तलवार. आबा पाटाशी बसले आणि त्यांनी उजवा हात मुठीवर ठेवला. बोटं मिटली, पण घट्ट मिटेनात, आणि ओढलं तरी तलवार हलेना. त्यांनी पुन्हा ओढलं. तलवार बोटभर बाहेर आली आणि हात घसरला. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. डाव्या हाताने तलवार उपसून पाटावर ठेवली आणि झेंडूची फुलं वाहिली. कमळाबाईंनी एकेका हत्याराला गंध लावलं. आता दसरा उजाडेपर्यंत पाटावरच्या कशाला कुणी हात लावायचा नाही, हा या घरातला सगळ्यात कडक नियम होता. लहानपणी पूर्वीने पूजेतली कंपासपेटी उचलली म्हणून आईने तिला धपाटा घातला होता.

आरती झाल्यावर आबांनी विचारलं की पत्र आलं का. खोटं एकदा बोलून झालं होतं, आता दुसरं तिला सुचेना.

"आलं," ती म्हणाली. "अक्षर वाचता येत नाही म्हणतात. मालकाने पुन्हा, नीट अक्षरात लिहून पाठवावं."

बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर धूत होतं, तिचं पाणी दारावरून वाहत होतं. आबा खाली मान घालून आपल्या हाताकडे बघत राहिले. पूर्वीला वाटलं की आता हे उठतील आणि परत कधी त्या खोलीत जाणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काहीच चुकणार नाही. साता समुद्रापलीकडच्या कुणा माणसाचं नरडं धरावं असं तिला पहिल्यांदाच इतकं स्वच्छ वाटलं.

कमळाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. त्या पाटाशी गेल्या, वाकल्या, आणि तलवारीशेजारचं पेन त्यांनी उचललं. त्यावरचं ओलं गंध पदराने पुसलं. मग नवऱ्यासमोर बसून त्यांनी त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट उलगडत त्यात ते पेन बसवलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "त्यांना वाचता येईपर्यंत लिहा."