ताडाला फुटलेली फांदी

उधव्यातलं घर आम्ही घेतलं ते भिंतीवरच्या ताडावर भाळून. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेला, सरळसोट. बायको, निर्मला, म्हणाली, "केवढा जिवंत काढलाय!"

जिवंतच होता. आमच्याकडे जमीन अधूनमधून हलते. एकदा अशीच हलली आणि ताडाला काळी फांदी फुटली. ताडाला फांदी नसते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी पीठ खरवडलं. खाली बुंध्यापासून शेंड्यापर्यंत भेग. हात मनगटापर्यंत आत गेला. पलीकडून कोंबडीने टोचलं.

निर्मलाने गाठोडं बांधलं आणि ती माहेरी तलासरीला निघाली.

"धड भिंत दाखव, मग येते."

"आणि मी?"

"तू काय, माझ्याशिवायही उभा राहतोस. भिंतीचं सांग."

घर विकणारा काकड्यामामा पाठच्याच कुडाच्या घरात राहायला गेला होता. मी डहाणूच्या संगीतावकिलांकडे गेलो. त्यांनी त्याला नोटीस धाडली. मामा बायकोला, बुधीबाईला, घेऊन त्यांच्या ऑफिसात हजर झाला.

"माहीत असलेला दोष लपवून घर विकलंत तर जबाबदारी तुमची," वकील म्हणाल्या.

"लपवला कुठे?" मामा म्हणाला. "पांढऱ्या रंगाने काढला! एवढा ठळक दोष अख्ख्या गावात कुणाचा नाय."

बुधीबाईला राहवलं नाही. "मी म्हटलं होतं, भेग आहे तशी दाखव. हाच म्हणे, ताड काढ, गिऱ्हाइकाला आवडतो."

वकिलांनी पेन उघडलं. मामाने बायकोकडे असं बघितलं, जणू दुसरी नोटीस तिलाच जाणार.

ठरलं ते असं: मामाने भिंत नवी बांधून द्यायची आणि तोवर कुडाचं घर आम्हाला द्यायचं. मामा-मामी लेकीकडे गेले. निर्मला नुसती बघायला आली. भर दुपारी धक्का बसला. कारवीच्या काड्यांची, शेणामातीने लिंपलेली भिंत जराशी झुलली, मग जागेवर आली. निर्मलाने गाठोडं सोडलं.

नवी भिंत झाल्यावर मामा कुडाचं घर परत मागायला आला.

"मामा, अदलाबदल करू," निर्मला म्हणाली. "आम्ही इथून हलत नाय."

मामाला पक्कं घर नव्या भिंतीसकट परत मिळत होतं. तो लगेच तयार झाला. किमतीतल्या फरकाचा हिशेब वकिलांनी मिटवला, पण सहीआधी मामाला अडवलं. "या घरात काही दोष? आत्ताच सांगा."

मामाने बराच विचार केला.

"शेजार," तो म्हणाला.

"कुणाचा?"

"आता माझाच की."

निर्मला म्हणाली, "तो दिसतोय. लिहा आणि द्या इकडे, सही करते."