महिनाभर आधी

मालकीणबाईंनी फाटकावरची पाटी काढली आणि पदराआड धरून घरात आणली. 'वरचा मजला भाड्याने देणे आहे.' एजंटाने सकाळीच ती सुतळीला चार गाठी मारून लावली होती. शेवटची गाठ काही केल्या सुटेना, तेव्हा बाईंनी सरळ कात्री चालवली.

दुपारी एजंट पुन्हा उगवला.

"मावशी, पाटीला पाय फुटले का?"

"वाऱ्यानं पडली असेल."

"पानसुद्धा हलत नाहीये बाहेर. अहो, भाडेकरू जायच्या महिनाभर आधी जाहिरात द्यायची असते. भरलेलं घर गिऱ्हाइकाला आवडतं. रिकाम्या भिंती कोण बघतो? आता पंधराच दिवस उरलेत."

"बदल्या रद्द होतात कधीकधी," बाई म्हणाल्या.

एजंटाने कपाळाला हात लावला.

वरचं जोडपं चार वर्षं राहत होतं. त्यांच्या लेकीचे पाय जमिनीला टेकतच नसत, म्हणून तिचं 'भिंगरी' हे नाव बाईंनीच ठेवलं. छतावर ती धावायला लागली की बाईंचा दिवस उजाडे. मग वाटीभर काहीतरी घेऊन, पाणी आलं का विचारायला, नाहीतर उगाचच, दिवसातून पाचसहा वेळा त्या जिना चढत. अलीकडे वरच्या दाराला आतून कडी असे. चोऱ्या वाढल्यात, भिंगरीची आई सावध आहे, असं म्हणून बाई कौतुकच करत. त्यात ही बदली आली. गाव दीड दिवसाच्या वाटेवर. तेव्हापासून बाईंना अन्न गोड लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एजंट एका नर्सला घेऊन आला. वर कुणी नव्हतं. बाई किल्ली शोधण्यात वेळ काढू लागल्या, तशी नर्स ओट्यावर टेकली आणि बोलत सुटली.

"मी इथे मागच्याच गल्लीत राहते. सासूबाई यायच्यात, खोली कमी पडेल. माझ्या जागेला माणसं मिळालीसुद्धा. नवरा विमा कंपनीत आहे. मुलगी तर इतकी गोड, भिंगरी म्हणतात तिला. एकीकडची भिंत ओल धरते, तेही मी लपवलं नाही. पण तिच्या आईनं एकच विचारलं, मालक तिथेच राहतात का? म्हटलं, नाही, परगावी असतात. लगेच हो म्हणाली."

एजंट चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकला, तो बराच वेळ वर आला नाही.

बाईंनी किल्ली नर्सच्या हातात दिली. "तुम्हीच बघून या. माझे गुडघे दुखतात."

जिन्यावरची पावलं वर गेली. बाई तिथेच बसून राहिल्या. चार वर्षांत एकदाही कुणी त्यांना येऊ नका म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर त्या गेल्या नसत्या. कदाचित तरीही गेल्या असत्या. आपण कुणाला नकोसे झालो होतो आणि आपल्याला कळलंही नाही, याची त्यांना इतकी लाज वाटली की रडूही येईना.

"मग पाटी?" एजंटाने हळूच विचारलं.

"लाव."

त्यानंतर बाई वर गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंगरीची आईच खाली आली. हातात बाईंच्या पाचसहा वाट्या होत्या.

"काकू, बरं नाही का? दिसला नाहीत." तिचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा वाटत होता. "एक तारखेला दुपारी ट्रक येईल. पोचलो की फोन करते. लांबचा प्रवास, ही कंटाळणार बघा."

"हं."

"तुमची फार सवय झालीय तिला."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती अजून हसत होती.

"ट्रकवाल्याला सांग," बाई म्हणाल्या, "मागच्या गल्लीत डावीकडून शिर म्हणावं. पुढून उगाच मोठा वळसा पडतो."

वाट्या एकमेकींवर वाजल्या. बाईंनी त्या तिच्या हातातून सावकाश काढून घेतल्या.

"आठवणीनं सांग हं. उगाच लेकरू उन्हात तापेल."