जावयाच्या गाडीला तीस नंबर

लढाई संपून दोन वर्षं झाली होती. आमच्या खालापुरात मालोजीशेटांचे जावई पहिल्या दिवाळसणाला आले, ते छप्पर नसलेल्या लाल मोटारीतून. शर्यतीची गाडी. मी, सदू, शेटांच्या भातगिरणीचा इंजिनवाला. चौदा वर्षं ते इंजिन मीच जपलेलं, म्हणून गाडीही माझ्याच गळ्यात पडली.

जावईबापूंनी गळ्यातला रेशमी रुमाल सोडला आणि म्हणाले, "तेल तेवढं बदलून ठेवा. जाताना बोरघाट चढायचाय, पैज लागलीय." कुठलं तेल, ते त्यांना ठाऊक नव्हतं. रुमाल सांभाळायचा की असल्या बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवायच्या!

गाडीतल्या पुस्तकात तेलाच्या डब्याचं चित्र होतं आणि खाली आकडा, तीस. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. शेटांना जाऊन सांगितलं.

"तीस?" शेटांचा विडा तोंडाशीच थांबला. "आपल्या गिरणीला कितीचं घालतोस?"

"पन्नासचं."

"म्हंजे भात कांडायच्या इंजिनाला पन्नास आनि माज्या जावयाला तीस? गाव काय म्हनंल रं?"

"शेट, तो आकडा मानाचा नाय. तीस म्हंजे पातळ तेल. ह्या इंजिनाच्या फटी बारीक हायेत. जाड तेल आत पोचायचं नाय, इंजिन जळंल."

'पातळ' म्हणालो आणि तिथंच फसलो. आमच्याकडे पाहुण्याला पातळ वरण वाढलं, तर लोक तीन पिढ्या बोलून दाखवतात. शेटांचा भाचा मोरू, ज्याचा माझ्या जागेवर डोळा होता, तो लगेच मिलिटरीच्या लिलावातले दोन डबे घेऊन आला. विमानाचं तेल, काकवीसारखं. डब्यावर आकडा ११२०. शेटांनी तो दोनदा वाचला. अकराशेवीस! मुलीच्या लग्नातही त्यांना एवढं समाधान झालं नव्हतं.

"हेच घाल," ते म्हणाले, "नायतर उद्यापास्नं गिरणीत येऊ नको."

दुसऱ्या दिवशी जावईबापूंना पाटावर बसवून तेल-उटणं चाललं होतं, तेव्हा मी कुंभिवलीच्या लॉरीवाल्याकडून आणलेलं तीस नंबर गाडीत घातलं आणि विमानाच्या तेलाचा एक डबा गिरणीमागच्या तुसाच्या ढिगात लपवला.

फराळानंतर जावईबापू चौक गावापर्यंत फेरी मारून आले. "मामा, काय तेल आहे!" ते शेटांना म्हणाले.

शेटांनी भर अंगणात मला शिकवलं, की आकडा मोठा तर दम मोठा. मग दुसरा डबा जावयाच्या हातात दिला, पुढच्या वेळेसाठी. मला राहवेना. इतकं सुरेख इंजिन जळणार होतं.

"बापू, ते घालू नका," मी म्हणालो. "आत तीसच हाय."

वाटलं, शिकलेला माणूस, समजून घेईल. त्यांनी समजून घेतलं.

"म्हणजे मामा, दिवाळसणाला मला तीस नंबर?"

शेटांनी मला तिथल्या तिथं काढलं, माझी जागा मोरूला दिली आणि पहिलं काम सांगितलं, तीस काढ, अकराशेवीस घाल. मोरू गाडीखाली शिरला. अर्धा तास त्याचे नुसते पाय दिसत होते. तेल सोडायचा बोल्ट त्याला सापडत नव्हता, आणि मला विचारेल तर तो मोरू कसला! शेवटी डबा घेऊन गिरणीमागं गेला आणि रिकाम्या हातानं परत आला.

"झालं," तो म्हणाला.

जुनं तेल धरायला गाडीखाली ठेवलेलं घमेलं कोरडं होतं. ते पाहिलं फक्त मी. बोललो असतो, तर माझी जागा कदाचित परत मिळाली असती. पण मग ते तेल शेटांनी माझ्याच हातून बदलून घेतलं असतं. मी तोंड मिटून उभा राहिलो.

जावईबापूंनी गाडी सुरू केली. इंजिन मऊ, एका लयीत चालत होतं.

"बघ," ते मुद्दाम माझ्याकडे वळून म्हणाले, "आता कशी चालतेय!"

"होय बापू," मी म्हणालो. "आता बरोबर हाय."