मैदानाकडे पाठ

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. रंग उडालेला, कडेला चेमटलेला आणि खरं सांगायचं तर गोंधळलेला. जन्मभर फुटबॉलच्या मैदानात राहिलो, पण एकही सामना पाहिला नाही.

याला कारण माझा धनी हायको. जर्मनीतल्या लोरबेकच्या क्लबचा तो म्होरक्या, चाहत्यांकडून गाणी म्हणवून घेणारा. गॅलरीसमोरच्या कठड्यावर चढायचा, मैदानाकडे पाठ करायचा आणि मला तोंडाला लावायचा. त्यामुळे मला दिसायची ती फक्त माणसं. त्यांच्या चेहऱ्यांवरून खेळ ओळखावा, तर ती अजब! हरू लागली की दुप्पट जोरात गायची. एकदा तर सगळी मुद्दाम मूग गिळून गप्प. मला वाटलं, माझे सेल संपले. नंतर कळलं, सोमवारी, ऐन कामाच्या दिवशी सामने ठेवले म्हणून तो निषेध होता. निषेध करायचा तर ओरडायला नको? की मीच खुळा?

त्या वर्षी क्लब कित्येक वर्षांनी पहिल्या श्रेणीत आला होता. पहिल्या सामन्यानंतर हायकोने मला थोपटलं. "वा रे पठ्ठ्या, स्टेशनापर्यंत ऐकू गेलास!" मग हारीमागून हार. वसंत येईपर्यंत आम्ही गुणतक्त्याच्या तळाशी पोचलो, आणि वर्षअखेरीस तळाला राहिलेल्यांना खालच्या श्रेणीत धाडतात.

माझ्या अगदी समोर कठड्याला टेकून रोस्विताआजी उभी असायची. एका हातात सॉसेजचा पाव, दुसऱ्या हाताने कानाशी धरलेला छोटा रेडिओ. शेवटच्या शनिवारी ती म्हणाली, "पोरा, आज खाली घसरलो तर परत वर कधी येणार कोण जाणे. मी काही अमरपट्टा घेऊन आले नाही!"

"आजी, तू आम्हा सगळ्यांना पोचवून मगच जाशील," हायको हसला.

आम्ही एका गोलने मागे होतो. बरोबरी झाली तर टिकणार होतो, किंवा तिकडे हेलब्रुकचा संघ स्वतःच्या मैदानावर हरला तरी टिकणार होतो. आता शनिवारी रेडिओवाले या मैदानावरून त्या मैदानावर उड्या मारतात. गोल झाला की आधी नुसतं गावाचं नाव ओरडतात, कोणी मारला ते मागाहून सांगतात. "हेलब्रुकमध्ये गोल!" आजीने एवढंच ऐकलं आणि किंचाळली, "हायको, हेलब्रुकवर गोल झाला! वाचलो रे!"

हायकोने तेच माझ्यातून सांगितलं. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, माझ्या अंगावर बिअर उडाली. आमच्या खेळाडूंनाही वाटलं, झालं काम. ते आपसात चेंडू टोलवत वेळ काढू लागले, असं मागाहून ऐकलं. पुढचं वाक्य रेडिओत होतं, पण त्या गलक्यात आजीलाही ते ऐकू आलं नाही. गोल हेलब्रुकनेच मारला होता.

शेवटची शिट्टी वाजली आणि खरी बातमी आली. आजीचा हात तोंडावर गेला. "अरे देवा, काय बोलून बसले मी!"

"कोणी सांगितलं रे तुला?" गर्दीतून एकजण हायकोवर गरजला.

"कोणी नाही. माझेच कान फुटके," हायको म्हणाला आणि त्याने गाणं सुरू केलं. सगळे रडत रडत गायले. हरल्यावर शिव्या द्यायच्या की गायचं? मला ते आजही उमगलेलं नाही.

उन्हाळाभर मी फाटक्या निशाणांबरोबर कोठीत धूळ खात पडलो. बाहेर आलो तेव्हा आम्ही खालच्या श्रेणीत होतो आणि कठड्याजवळची आजीची जागा मोकळी होती. इतकी गर्दी, पण तिथे कोणी उभं राहत नाही. आजी येतच नाही. ऐकलं, तिने रेडिओही शेजाऱ्याला देऊन टाकला.

माझा जीव तुटतो, पण मी काय करणार? दुसरा बोलला तरच माझा आवाज. मित्रांनो, तुम्हाला स्वतःचा गळा आहे. तुमचं कोणी माणूस एखादी चूक करून असं दाराआड बसलं असेल, तर त्याला हाक मारा. चूक मोठी करून सांगणारे पुष्कळ मिळतात.

आणि कधी लोरबेकला गेलात, तर रोस्विताआजीला एवढं सांगा. हायको हल्ली सामन्याआधी त्या मोकळ्या जागेकडे बघतो, आणि मग कितीतरी वेळ मला तोंडाला लावतच नाही. इथलं मला काहीएक कळत नाही, पण तो का थांबतो, ते मला कळतं.