मंजुश्रीनं काढलेली खरडपट्टी

बीदरकडच्या निर्णा गावात नागूबाईच्या तोंडाला लागायला कुणी धजत नसे. तिची सून मंजुश्री मात्र पाणीसुद्धा हळू आवाजात मागायची. मंजुश्री शिक्षक भरतीच्या परीक्षेला बसणार होती. त्या आठवड्यात ती इंग्रजी वाक्प्रचार पाठ करत होती, आणि नेमके ते भांडणाचे, खडसावण्याचे निघाले.

नागूबाई भाकरी थापता थापता ऐकायची.

"हे काय म्हणायलीस?"

"निखाऱ्यावरून ओढणं. म्हंजे खरडपट्टी काढणं, आत्याबाई."

"आन् ते मघाचं?"

"तुमच्यासंगं एक हाड टोकरायचंय. म्हंजे तुमच्याबद्दल माझी तक्रार हाय."

"शिवशिव. लिंगायताच्या घरात हाड कशाला?" नागूबाई म्हणाली, पण तिला हसू आवरेना.

दोन दिवसांनी नागूबाईचा घसा बसला. त्याच सकाळी शेजारच्या चन्नवीरच्या शेळ्यांनी हरभऱ्याच्या चार ओळी फस्त केल्या. मंजुश्रीचा नवरा हरिओम ड्युटीवर बीदरला गेलेला. नागूबाईनं सुनेकडं बघितलं आणि हातानंच बांधाकडं खूण केली.

मंजुश्री गेली. चन्नवीर गोठ्यापुढं बसून दोरी वळत होता.

"काय अक्का?"

तिला काही सुचेना. तोंडातून पाठ केलेलंच निघालं, "अण्णा, आय हॅव अ बोन टू पिक विथ यू."

"कन्नडात सांगा, न्हाईतर मराठीत."

तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्या लाजेत भीती कुठं गेली ते कळलं नाही.

"तुमच्या शेळ्यांनी आमचा हरभरा खाल्लाय. मागल्या साली बी खाल्ला. आत्याबाई ओरडल्या, तुम्ही हसण्यावारी नेलं. मी ओरडत न्हाई. पण जबाब घेतल्याबिगर जाणार बी न्हाई. शेळ्या कामून बांधत न्हाईत?"

"दोरी तुटली व्हती."

ती काहीच बोलली नाही. तिथंच उभी राहिली. चन्नवीरनं थोडा वेळ दोरी वळली, मग खाली ठेवली.

"चुकलं अक्का. आज कुंपण घालतो."

घरी नागूबाईनं तिला शेजारी बसवलं आणि सगळं सांगायला लावलं. इंग्रजीचं ऐकून ती खोकेपर्यंत हसली. गप उभी राहिल्याचं मात्र तिनं दोनदा वदवून घेतलं.

"मला हे कधी जमलं न्हाई," ती बसक्या आवाजात म्हणाली. "गप बसायचं."

दुपारी चन्नवीर बाभळीच्या फांद्या घेऊन बांधावर आला. मंजुश्रीनं एका बाजूनं फांद्या धरल्या. हाताला दोन काटे बोचले. तिला कडकडून भूक लागली होती आणि छान वाटत होतं.