हळदीची तीस गाणी

सुतळीला तीस गाठी.

कल्हईवाल्याची हाळी तीन सुरांची असते. तिसरा सूर वर जातो आणि तिथंच राहतो.

छप्पन साली दीक्षा घेऊन देव कृष्णेत सोडले तेव्हा पितळेचे बुडाले. लाकडी लक्ष्मीआई सांगलीच्या दिशेनं तरंगत गेली.

विधवेनं नवरीला हळद लावायची नसते. गायला बंदी नाही.

हे सगळं एकाच बाईचं. भामाबाई, पलूसच्या पलीकडच्या वस्तीतली. नवरा यल्लाप्पा रेल्वेच्या गँगमध्ये होता, तीन वर्षांपूर्वी गेला. एकच लेक, अंजना. तिचं लग्न कऱ्हाडला ठरलं. साल चौसष्ट, मे महिना. अठ्ठावीसला लग्न, सत्तावीसला संध्याकाळी हळद.

नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन त्यांच्याकडच्या बायका येतात. समोरासमोर बसायचं. तिकडून एक गाणं, इकडून एक. म्हटलेलं गाणं परत म्हणायचं नाही. ज्यांची गाणी आधी संपली ते हरले, आणि हरलेल्यांनी गुमान ऐकून घ्यायचं.

देव गेले तशी देवांची गाणीही सोडायची, असं वस्तीनं ठरवलं होतं. बरोबरच ठरवलं. भामाबाईनंही हात वर केला होता. पण तोंड रिकामं झालं ते झालंच. मागच्या साली शेजारच्या राहीबाईच्या लेकीच्या हळदीला वस्तीतल्या बायका तिसऱ्या गाण्यालाच थांबल्या. पाहुण्यांतली एक हसून म्हणाली, "मुक्यांची लेक न्यायलोय की गं आमी!"

ती पोर सासरी अजून त्याच नावानं ओळखली जाते. मुक्यांची.

अंजनाला हे नाव लागता कामा नये. बाकी भामाबाईकडं द्यायला फार काही नव्हतं.

म्हणून अठ्ठावीस एप्रिलपासून रोज एक नवं गाणं रचायचं. सत्तावीस मेपर्यंत तीस.

कसं? लिहिता येत नव्हतं, म्हणून सुतळीला गाठ. पहाटे उठून पहिल्या गाठीपासून सुरुवात करायची, सगळी गाणी म्हणून संपवायची, मगच नवं. पाचव्या दिवशी हे सोपं होतं. विसाव्या दिवशी चुलीवरच्या भाकऱ्या संपायच्या आणि गाणी उरायची.

शिवाय एकटीनं. हळदीचं गाणं एकटीचं नसतं, एकीनं ओळ टाकायची आणि दुसरीनं उचलायची. पण अंजना नवरी, तिनं स्वतःच्या हळदीचं गाणं म्हणायचं नसतं; बाकीच्या बायका पहाटेच उसात भांगलायला जात, आणि राहीबाई तर गाणं कानावर पडलं की दार लोटून घेई. मग भामाबाई एक ओळ म्हणे, दुसरीला जेवढा वेळ लागेल तेवढा गप्प बसे, आणि पुढं जाई.

&nbsp;

अशी.

&nbsp;

सहावी गाठ. रविवार. विहाराच्या मंडळातला जोतीराम दारात उभा. मॅट्रिक झालेला, इस्त्रीचा शर्ट.

"मावशी, शब्द बुद्धाचं. आन् चाल?"

"चालीला काय झालं?"

"लक्ष्मीआईची हाय की! डोळं मिटून ऐकलं तर वाटतंय, बाई परत आली नदीतनं."

"मग डोळं उघडं ठेव की रं."

तो हसला. मग हसायचा थांबला. "खरं सांगतो मावशी. कऱ्हाडची मानसं लय हुशार. म्हनतील, मूर्ती टाकली आन् सूर ठिवला घरात."

तो गेल्यावर ती सुतळी मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. गाठी सोडल्या नाहीत. शब्द ठेवले, चाली काढल्या. चाल काढलेलं गाणं पिसं काढलेल्या कोंबडीसारखं दिसतं, असं तिला वाटलं. हसू आलं. सांगायला तेव्हा जवळ कुणी नव्हतं.

आता देवाची नसलेली चाल आणायची कुठून?

कल्हईवाल्याकडून एक घेतली. त्याला कळलंही नाही. एष्टीच्या घंटेचे दोन टोल घेतले. पोरं लगोरी खेळताना ओरडतात ते घेतलं. अकराव्या दिवशी ती चालत रेल्वेच्या रुळापाशी गेली. गँगची माणसं रूळ उचलत होती. एक जण ओळी टाकत होता, बाकीचे जोर लावत होते. यल्लाप्पाचीच गँग. बिराप्पा मुकादमानं तिला ओळखलं.

"काय वैनी, कुनाची वाट बगताय?"

"कुनाचीच न्हाई. तुमी उचला."

"उन्हात बसलाय म्हनून इचारलं."

"उचला की आवं!"

त्यांनी उचललं. तिनं चाल घेतली. ते गाणं असं:

*उचल पोरी पाऊल, दम धर*
*कऱ्हाड लांब न्हाई, दम धर*
*मागं कोन बगतंय, दम धर*

या गाण्यात ओळ टाकणारीही तीच आणि जोर लावणारीही तीच.

सतरावं गाणं विसरलं. दोन दिवस सापडेना. गाठ होती, आत काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी गोवऱ्या थापताना सापडलं.

सव्वीसला वैशाख पौर्णिमा. विहारात दिवे लागले. एकोणतीस गाठी.

सत्तावीसला उजाडताना तिसावं झालं. ते तिनं कुणाच्या चालीवर केलं नाही. ते तिचंच होतं. दुपारी स्पीकर आला, जांभळीच्या फांदीला बांधला. अंजनाला पाटावर बसवायची तयारी चालली होती, तेवढ्यात पोलीस पाटील आप्पासाहेब आले. डोक्यावर टोपी नव्हती.

"पंडितजी गेले. रेडिओवर सांगितलं आत्ता. नेहरू गेले."

बायकांनी डोक्यावर पदर घेतले.

"लगीन थांबवू नगा. पन स्पीकर उतरवा. वाजवायचं न्हाई, गायचं न्हाई."

"आवं, गानं बी न्हाई?" भामाबाई म्हणाली. "नुसतं तोंडानं?"

"तोंडानं बी न्हाई, बाई. अख्ख्या देशाला सुतक हाय."

आप्पासाहेबांनी उपरण्यानं डोळे पुसले. भामाबाईलाही रडू आलं. त्यातलं पंडितजींसाठी किती आणि तीस गाण्यांसाठी किती, हे तिला वेगळं करता येईना.

संध्याकाळी कऱ्हाडच्या बायका आल्या. समोरासमोर बसल्या. हळद लागली. बांगड्यांचा आवाज तेवढा झाला. भामाबाई उंबऱ्याशी बसली होती, पाटापासून आठ-दहा हात लांब. तिथवर हात पोचत नव्हता. आवाज पोचला असता. पोरीच्या गालाला, कपाळाला, पायांना दुसऱ्या बायकांचे हात लागताना तिनं बघितले.

नवऱ्या मुलाची मावशी बनुबाई सरकत सरकत तिच्याशेजारी आली. जाडजूड, बोलकी बाई. कुजबुजली,

"इहीनबाई, खरं सांगू? वाईट झालं ते झालं, पन आमचं झाकून गेलं. नवी गानी आठच व्हती आमच्याकडं. एष्टीत सारखी मोजत आलो. मी म्हनलं, पलूसवाल्या आज आमाला सोलत्यात."

भामाबाईनं पदर सारखा केला.

"तुमची किती व्हती वो?"

मूठभर सुतळी पदराखाली होती. समोर अंजना पिवळी होऊन बसली होती, मान खाली.

"आमची बी तेवडीच," भामाबाई म्हणाली. "आठ-धा."

"मग बरं!" बनुबाईनं तिच्या मांडीवर थाप मारली आणि हसू पदरानं दाबलं. "दोनी बी मुकीच की गं आपन!"

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. वंदना हळू आवाजात झाली. अंजना एष्टीत बसली, खिडकीकडची जागा मिळाली नाही. त्यामुळं एष्टी हलल्यावर ती दिसली नाही.

एकोणतीसला भामाबाई पहाटे उठली. सवयीनं पहिल्या गाठीपासून सुरुवात केली. एका माणसाच्या भाकऱ्या तिसऱ्या गाण्यालाच संपल्या. पुढची सत्तावीस तिनं विझत्या चुलीसमोर बसून म्हटली.

त्याच्या वीस दिवस आधी, नऊ मेला, शनिवारी, भामाबाई पलूसच्या बाजारात गेली असताना अंजना घरात पाणी भरत होती, आणि रोज पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या ऐकून तिला तोवरची बाराही गाणी पाठ होती.