लाल पानांची हद्द

"अजून पुढे?" टेक्लाने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

अगाथाआजीच्या तोंडात सुपारी होती. लाल पानांच्या झाडाची आणखी एक काडी तिने जमिनीत खोचली, टाचेने माती दाबली आणि चालू लागली. बुगनव्हिल बेटावर अशा काड्यांची रांग म्हणजे हद्द. आतल्या बाईला विचारल्याशिवाय ती कुणी ओलांडत नाही, कारण जमीन आईकडून लेकीकडे जाते.

टेक्लाच्या बेटावर समुद्र अळूच्या खाचरात शिरला, कंद कुजले. तिथले पुरुष तीनदा भेटीचं डुक्कर घेऊन इथल्या पुरुषांकडे जमीन मागून आले. "बघू," एवढंच उत्तर मिळालं. बिचारे दुसरं काय सांगणार? जमीन त्यांची होती कुठे? चौथ्या खेपेला नऊ घरांतल्या नऊ बायकांनी होडी काढली. शाळेत पोरांचं जेवण रांधणारी, चार माणसांत कधी न बोललेली टेक्ला म्हणाली होती, "मागायचं नाही. आधी राबायचं." दोन महिने त्यांनी आजीच्या बागेतलं तण उपटलं. आज सकाळी आजी काखेत काड्यांचा भारा घेऊन आली.

टेक्ला मनात मोजत होती. फणसापर्यंत चार घरं. ओढ्यापर्यंत सहा. उरलेली तीन घरं बुडत्या बेटावर ठेवायची तर कुणाची, हे तिलाच ठरवावं लागणार होतं.

आजीने कमरेचं कापड खोचलं आणि ओढा ओलांडला.

"आई!" मागून आलेली तिची लेक लोरिना ओरडली. "ही बाग मला देणार म्हणाली होतीस!"

"म्हणाले होते."

"मग मी कुठे लावू?"

"वर, डोंगराकडे."

"तिथे नुसते धोंडे आहेत!"

"काढ मग. ह्या नऊजणींना घे मदतीला. तण उपटताना पाहिलंस ना? सैतान आहेत नुसत्या!"

लोरिनाने मान वर करून डोंगराकडे पाहिलं. मग तिने आईच्या काखेतला भारा ओढून घेतला. "दे इकडे, कंबर मोडेल तुझी." आणि स्वतःच्या वाट्याच्या बागेभोवती ती स्वतःच काड्या लावत सुटली. असं देणारं माणूस टेक्लाने जन्मात पाहिलं नव्हतं.

फेरा पुरा होत आला. आजी हद्दीबाहेर गेली आणि शेवटची काडी तिने टेक्लाच्या हातात दिली. टेक्लाने ती आतून रोवली.

"अगं बाई, माझी रताळ्यांची टोपली आतच राहिली," आजी म्हणाली.

"मग घ्या की आजी!"

आजी हलली नाही. एका पावलाचं तर अंतर होतं. तिने तोंडातली सुपारी थुंकली, तोंड पुसलं.

"टेक्लाबाई," ती म्हणाली. सकाळपर्यंत ती 'पोरी' म्हणायची. "आत येऊ का?"

म्हातारी काड्यांच्या पलीकडे उन्हात तशीच उभी राहिली, उत्तराची वाट बघत.